खालून तीन, वरून दोन

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

आज मेहरूणला राहायला आलो. टेम्पो बाराला पोचला, चारपर्यंत सामान उतरलं. घर दोन खोल्यांचं आहे. त्याहून जास्त मला नको. डाव्या अंगाला गॅरेज आहे आणि घर घेतलं ते त्याच्यासाठी. दहा फूट रुंद, एकोणीस फूट लांब, वर पत्रे, पुढे शटर, मागच्या भिंतीला जाळीची खिडकी. खिडकीतून तलाव दिसत नाही, पण वारा तलावावरून येतो.

दिपमालाने शेवभाजी आणि पोळ्या आणल्या. ती आणि जावई स्वप्नील इथून दहा मिनिटांवर राहतात. तिने विचारलं, नाना, घराला गॅरेज जोडलंय की गॅरेजला घर? खूप दिवसांनी मोठ्याने हसलो.

जीप उद्या येईल. १९८७ची, सासऱ्यांची. अकरा वर्षं शेतात उभी होती. बायको, रत्ना, म्हणायची, एकदा चालू करा, मला बसायचंय. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. दसऱ्याला जीप रस्त्यावर आणायची. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला माझ्या स्वतःच्या हत्यारांची माझ्या स्वतःच्या जागेत पूजा. तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये ती केली.

डायरी शर्टाच्या खिशात, सोबत पेन्सिल. नोकरी लागल्यापासूनची सवय. जे केलं ते त्याच दिवशी लिहायचं. नोकरी संपली तरी सवय ठेवणार आहे.


५ सप्टेंबर

जागा मोजली. फरशी उखडली आहे, तिथे कोबा करायचा. भिंतींना पांढरा रंग, म्हणजे खाली पडलेला नटसुद्धा दिसेल. एक पिवळा बल्ब आहे, तो काढून चार ट्यूब. डाव्या भिंतीला लोखंडी टेबल, त्यावर वाइस. पान्यांसाठी भिंतीवर फळी, प्रत्येक पान्याची आकृती काढलेली, म्हणजे जागा रिकामी दिसली की कोणता गेला ते कळतं. कंप्रेसर खिडकीखाली. खाली झोपून काम करायला चाकांची फळी. नवा ट्रॉली जॅक आणि उचललेली गाडी टेकवायला दोन लोखंडी घोड्या. घोडीशिवाय गाडीखाली जायचं नाही, हे मी शेकडो पोरांना शिकवलं आहे.

शेजारचे जीवराम आबा दिवसभर ओट्यावर बसून बघत होते. कापसाच्या जिनिंगमध्ये होते, आता रिकामे. मूळचे अमळनेरकडचे. संध्याकाळी म्हणाले, "भाऊ, तू गाडी सुधारी राह्यना का गाडी तुले सुधारी राह्यनी?" वेल्डिंगच्या कामासाठी त्यांनीच नशिराबादच्या तौफिकचं नाव दिलं. हात चांगला, बोलणं कमी.


९ सप्टेंबर

कोबा झाला. वर गोणपाट टाकून दिवसातून तीनदा पाणी मारतो. ओल्या सिमेंटचा वास घरभर आहे. मला आवडतो.

तौफिक येऊन टेबलाची मापं घेऊन गेला. पस्तिशीचा, बारीक, दाढी नीट कापलेली. टेप लावण्याआधी हाताने भिंत चाचपतो. मला काका म्हणतो. चहा नको म्हणाला.


१३ सप्टेंबर

आज टेबल बसलं. जे झालं ते क्रमाने लिहितो.

टेबलाचे बोल्ट खालून आवळायचे होते. तौफिक खाली सरकण्याआधी गुडघ्यावर बसला आणि त्याने टेबलाच्या पायावर पान्याने तीनदा वाजवलं. मग थांबला. हलेचना. मला काही कळायच्या आत माझा हात उठला आणि मी टेबलाच्या पत्र्यावर बोटांनी दोनदा वाजवलं. मग तो खाली गेला. काम झाल्यावर बाहेर येऊन एकदा वाजवलं.

मी विचारलं, हे कुठे शिकलास? तो चिंधीने हात पुसत म्हणाला, अब्बूंचं आहे. धुळ्याचे गफूर मिस्त्री. आणि मग, "तुम्ही ओळखत असाल, देवरे साहेब." तोवर मी काका होतो.

गफूरला मी ओळखत होतो. धुळ्यात ट्रकच्या वर्कशॉपमध्ये मी फोरमन होतो, तो माझ्या हाताखाली. ही खूण त्यानेच काढलेली. ट्रकखाली गेल्यावर माणूस वरच्याला दिसत नाही, इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. म्हणून खालून तीन ठोके, म्हणजे मी खाली आहे. वरून दोन, म्हणजे ऐकलं, जॅकला हात लावत नाही. बाहेर आल्यावर एक. दोनाचं उत्तर आल्याशिवाय खालच्याने काम सुरू करायचं नाही. सगळं वर्कशॉप ते पाळायचं. पुढे शेजारची वर्कशॉपंही पाळायला लागली.

२००४ची खंडेनवमी. हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून मांडली होती. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. पण मधोमध उभ्या असलेल्या ट्रकच्या गिअरबॉक्समधून ऑइल गळत होतं आणि एक वाजता मालकांकडचे पाहुणे पूजेला येणार होते. सगळे अंघोळीला घरी गेलेले. गफूर होता. घोड्या पूजेत मांडलेल्या होत्या, म्हणून नुसत्या जॅकवर ट्रक उचलला. जॅकशी मी. त्याने नट आवळला, बाहेर आला. मग माझ्या नकळत पुन्हा खाली गेला. वाजवलं नाही. मी जॅक उतरवायची पितळी चावी सोडली. ट्रक त्याच्यावर बसला.

त्या संध्याकाळी डायरीत लिहिलं, गफूरने वाजवलं नाही. चौकशीत तेच पान घेतलं. निष्कर्ष निघाला, कामगाराची स्वतःची चूक.

हे सगळं मी तौफिकला सांगितलं. तो आपले पाने गोळा करत होता. शेवटी विचारलं, ती डायरी आहे का अजून? मी हो म्हणालो. त्याने हात धुतले आणि गेला.


१४ सप्टेंबर

रविवार. काम नाही. माझ्या डायरीत खोटं नसतं.

गफूरचं एक आठवलं. टायरच्या चपला घालायचा, चालला की फरशीवर चटचट आवाज. आणि जीभ तिखट. त्या सकाळी पूजा मांडताना मी त्याला म्हटलं, तुला कुठे खंडेनवमी पाळायचीय, तू जा खाली. तर सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, घोडीशिवाय खाली जायला मी काय उंदीर आहे?" माणसं हसली. मालकांची आईसुद्धा हसली.

सगळे घरी गेल्यावर मी म्हणालो, भीती वाटत असेल तर राहू दे, मी जातो. मग तो गेला.

हे आज लिहायचं कारण नव्हतं.


१७ सप्टेंबर

तौफिककडे बनवायला दिलेल्या घोड्या बघायला नशिराबादला गेलो. तौफिकचं दुकान महामार्गाला लागून, मागे घर. अंगणात खाटेवर त्याची आई लसूण सोलत होती. नूरबी. तिला मी चौकशीच्या वेळी एकदाच पाहिलं होतं. आता डोळ्यांत मोतीबिंदू. मी तौफिकशी बोललो तशी तिची बोटं थांबली. देवरे साहेब आले का, असं विचारून तिने मला बसायला सांगितलं. पाणी दिलं.

तिने तक्रार केली नाही. बातमी सांगावी तसं सांगितलं. धुळ्यात म्हणे मिस्त्री लोक नव्या पोरांना दम द्यायचे, नीट वाजव, नाहीतर गफूर होशील. तौफिक पहिल्यांदा कामाला लागला तेव्हा त्याचा उस्ताद सगळ्यांदेखत म्हणाला, बाप वाजवायला विसरला, तू विसरू नको. पोरगा तेव्हा पंधरा वर्षांचा. घरी येऊन रात्रभर ताटलीवर चमच्याने वाजवत बसला होता. तीन आणि तीन आणि तीन. म्हणून मग धुळं सोडलं.

मग विचारलं, "साहेब, त्यांनी वाजवलं होतं ना?"

मी म्हणालो, मला काही ऐकू आलं नाही.

तिने हातातली पाकळी खाटेवर ठेवली. "असं का," म्हणाली. "मग अल्लाह तुम्हाला ऐकू देवो."

आणि लसूण सोलायला लागली. मला आधी ती दुवा वाटली.

निघताना दुकानाच्या कोपऱ्यात एक जॅक दिसला. जुना, वीस टनी, उभा बाटलीसारखा. त्या खंडेनवमीचाच. तळाशी वेल्डिंगने काढलेला ‘प्रे’. प्रेमराजचा, म्हणजे माझ्या नावाचा प्रे. चोरीला जाऊ नये म्हणून तो मीच काढला होता. वर्कशॉप बंद झालं तेव्हा भंगारातून तौफिकने एवढीच एक वस्तू उचलली होती. पुसलेला, ऑइल दिलेला. नवं सील. तौफिक म्हणाला, तो विकायला नाही.


१९ सप्टेंबर

तौफिक घोड्या देऊन गेला. काम सुरेख. पाय रुंद, जोड एकसारखा, निळा रंग. जीपची पुढची बाजू नव्या जॅकने उचलून घोड्यांवर ठेवली, धक्का देऊन पाहिला. हलली नाही.

तो गेल्यावर टेबलाखाली तो जुना जॅक दिसला. फोन केला. म्हणाला, अम्मीने दिलाय. तुमची खूण आहे त्याच्यावर, वस्तू ज्याची त्याच्याकडे. परत ने म्हटलं तर फोन ठेवला.

जॅकवर गोणपाट टाकलं.


२१ सप्टेंबर

दुपारी दोन वाजता. गल्लीत कुणी नाही, आबांच्या घरचा टीव्हीसुद्धा बंद. मी पान्यांच्या फळीवर आकृत्या काढत होतो.

तीन ठोके. लोखंडावर लोखंड.

जीपमधून आले असावेत. इंजिन गार होताना सायलेन्सरचा पत्रा वाजतो. पण इंजिन अजून एकदाही सुरू झालेलं नाही.


२२ सप्टेंबर

घट बसले. दिपमालाकडे जेवलो.

परत आलो, शटर उचललं, तीन ठोके. मी शटर धरून उभा राहिलो. तेवढ्याच अंतराने पुन्हा तीन. घाई नाही. गफूर असाच वाजवायचा, सावकाश, जसं समोरचा ऐकणारच आहे.

खाली वाकून पाहिलं. कोबा स्वच्छ. कुणी नाही.


२४ सप्टेंबर

सायलेन्सरचे सगळे क्लिप आवळले. दारांत रबर घातलं. पत्र्यावर चढून पाहिलं, फांदी लागत नाही. तरी अकराला, दोनला, चारला.

जॅक भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकला. बदल्यात काही घेतलं नाही. तो वळणावरून दिसेनासा झाला आणि गॅरेज शांत झालं. एक तासभर गिअरबॉक्सवर काम केलं. बरं वाटलं.

साडेपाचला जीवराम आबा कुंपणाशी. धापा टाकत, हातात जॅक. "भाऊ, तुना जॅक विकाले निघेल व्हता, मी सोडाई लिधा! नाव शे ना त्यानावर." इतके खूश होते की मला आभार मानावे लागले.

जॅक कोब्यावर टेकवला. लगेच तीन.

आबांनी मान वळवली नाही.


२६ सप्टेंबर

माझं ठरलं आहे. उत्तर द्यायचं नाही.

उत्तर दिलं म्हणजे ऐकलं. दोनदा वाजवलं की झालं, ते थांबेल, हे मला माहीत आहे. हात उठतो. काल पत्र्याला बोट लागायच्या आत मागे घेतला. एकवीस वर्षांपूर्वी ऐकू आलं नव्हतं, मग आज का यावं?


२७ सप्टेंबर

तौफिकचा फोन. त्याला पोलीस नको, कोर्ट नको. एक ओळ हवी आहे. अब्बूंनी वाजवलं होतं, एवढीच. त्याच अक्षरात, तशाच डायरीच्या पानावर, खाली सही. अम्मीला दिसत नाही, पण हातात धरता येईल. धुळ्यात तो ते प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीला लावील.

म्हणजे दिपमाला वाचेल. स्वप्नीलच्या घरचे वाचतील.

मी म्हणालो, खरं ते मी २००४ला लिहिलं आहे.

तो म्हणाला, "मग ऐका." आणि फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. बोल्ट शेवटचा पाव आटा फिरवून पाना सोडावा तसा शांत.


२८ सप्टेंबर

गिअरबॉक्स बसवला. ऑइल भरलं. गळत नाही. जीप सुरू झाली. पहिल्या सेल्फला नाही, चौथ्याला. धूर विरेपर्यंत रत्नाला हाक मारावीशी वाटली.

इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही म्हणून तासभर नुसतं चालू ठेवलं. आबा ओरडले, "बठ्ठं व्हयनं, आते चालाडशी कव्हय?" दसऱ्याला चालवीन, मी ओरडलो.

इंजिन बंद केलं. तीन.


२९ सप्टेंबर

दिपमाला आली होती. पूजेला कुठली जागा, चौरंग कुठे, ते बघायला. ती बोलत असताना तिच्या पायांपासून दोन फुटांवर, कोब्याच्या आतून. तीन. मी तिच्याकडे पाहत होतो. ती फुलांबद्दल बोलत राहिली.

मग थांबली. म्हणाली, नाना, हात का धरून ठेवलाय?

माझ्या डाव्या हाताने उजवा मनगटाशी धरला होता.


३० सप्टेंबर

आता थांबत नाही. तीन, मध्ये श्वासाएवढी जागा, तीन. आवाज येतो ती जागा मी खडूने आखली. सहा फूट लांब, दोन रुंद. जीपच्या खाली.

जीप घोड्यांवरून उतरवून चाकांवर उभी केली. आता तिच्याखाली कुणाला जायचं कारण नाही.

जुनी डायरी काढली. ते पान पाहिलं. अक्षर सरळ. हात कापला नव्हता.

कापायला हवा होता.


१ ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळ, साडेदहा

दिपमाला आणि स्वप्नील आठला आले. तिने सगळी हत्यारं धुतली. चौरंगावर पाने, हातोड्या, ग्राइंडर, पुढे नवा जॅक, दोन्ही बाजूंना निळ्या घोड्या. हळदकुंकू, झेंडूच्या माळा. सुंदर दिसतं. जुना जॅक उचलून तिने जीपच्या चाकाशी ठेवला. म्हणाली, नाना, हे भंगार पूजेत कशाला?

दोघं भुसावळला गेलेत, स्वप्नीलच्या आई-वडिलांना आणायला. एकला येतील. मग पूजा. उद्या दसऱ्याला जीपमधून सगळ्यांना फेरी.

आज सकाळपासून आवाज नाही. एकदाही नाही.


पावणेबारा

ऑइल गळतंय. गिअरबॉक्सखालून. तीन दिवस थेंब नव्हता. पुसलं. पुन्हा तेवढंच. ओघळ चौरंगाकडे येतोय.

पुसलं. पुन्हा.

नट आहे, एवढंच. अर्धा आटा. दोन मिनिटं. पण माझं पोट जीपखाली जात नाही, उचलावी लागेल. घोडीला हात लावला. माळ बोटांना लागली. कुंकू ओलं आहे. उचलवली नाही. नव्या जॅकवर अक्षता.

पूजेबाहेर आहे तो जॅक एकच —

मागच्या चाकांना विटा लावतो. दोन मिनिटं.


सव्वाबारा असावेत

खाली आहे.

पडली नाही. उतरली. नट आवळला आणि वर स्स्स असा आवाज. हळू. बाजूला सरकायला वेळ होता, चाकांची फळी अडकली. चॅसिस छातीवर. डावा हात खाली गेलाय, कळत नाही. उजवा मोकळा. खिशातून डायरी निघाली. अर्धा श्वास येतो.

शटर अर्धं. उन्हाची पट्टी दिसते. आबांचा टीव्ही ऐकू येतो. ओरडलो. छातीतून आवाज निघत नाही.

फोन टेबलावर. वाजतोय. दिपमालाच.


जॅक उतरतोय. थांबून थांबून. एक केसभर. थांबतो. मी लिहितो तोवर थांबतो.

लिहितो तोवर.

म्हणजे


लिहितो.

२००४. गफूर म्हणाला घोडीशिवाय जात नाही. मी म्हणालो, मी जॅकशी उभा आहे, हलणार नाही. म्हणून गेला. नट आवळून बाहेर आला. मग म्हणाला, अजून एक थेंब आहे साहेब. हसला. उंदीर पुन्हा जातो म्हणाला. माझ्याकडे बघून.

खाली गेला.

वाजवलं. तीनदा. सावकाश.

मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. वर्कशॉपमध्ये दुसरा आवाज नव्हता.

मी उत्तर दिलं नाही. त्याला घाबरवायचं होतं. सगळ्यांना माझ्यावर हसवलं होतं त्याने. चावी थोडी सोडायची, एक इंच उतरवायचं, ओरडला की धरायचं. चावीचे आटे झिजलेले होते. धरलं गेलं नाही.

त्याने पुन्हा वाजवलं होतं. ट्रक उतरताना. तीन. मग दोन. मग एक.

एक म्हणजे बाहेर आलो. तो बाहेर नव्हता.

गफूर मिस्त्रींनी वाजवलं होतं. चूक त्यांची नव्हती. मी खोटं लिहिलं. प्रेमराज देवरे. हे पान नूरबींना द्यावं. दिपमाला, हे पान


चपला.

चटचट. शटरखालून. पट्टीत पाय दिसतात. टायरच्या. ऑइलने काळे पाय. जीपला वळसा घालून जॅकशी थांबले.

बसला.

सगळं लिहिलं आहे, मी म्हणालो. आवाज नाही.

पाना हाताशी आहे. चॅसिसवर वाजवतो.


तीनदा वाजवलं.

चपला हलत नाहीत. ऐकलं त्याने. दोन येतील आता. दोन आले की

येत नाहीत

पुन्हा वाजवलं. तीन —

चावीवर हात ठेवलाय. पितळ वाजलं. नाही, ऐकू न यायला काय — ऐकू आलंय त्याला, मला माहीत आहे कसं असतं ते, ऐकू येऊनही —